हवामान बघून हिमनदी किती वितळणार ते कसं ओळखायचं

गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, निघायच्या आधी मोबाईलवर नुसतं तापमान बघून खूश होऊ नका भावांनो, त्यानं निम्मंच कळतं. आधी घरच्या गच्चीवर एक उद्योग करा. गोळेवाल्याकडं असते तसली बर्फाची लादी आणा आन् सारखे पाच तुकडे करा. एक उन्हात तसाच, दुसऱ्यावर चिमूटभर काजळी, तिसरा वीतभर भुशात गाडून, उरलेले दोन सावलीत पण त्यातल्या एकापुढं टेबल फॅन. अर्ध्या तासानं काजळीवाला लवकर बसलेला दिसंल, भुशातला मात्र जवळपास तसाच.

वर हिमालयात हेच चालतं. ताजा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो, जुना मळका त्याच्या निम्मंबी नाही, म्हणून पहिलं बघायचं ते शेवटचा बर्फ कधी पडला. पातळ धूळ वितळवते पण दगडमातीचा जाड थर भुशासारखा झाकतो, गंगोत्री हिमनदीचं खालचं तोंड असंच दगडाखाली आहे.

मग दवबिंदू, म्हणजे ॲपमधला ड्यू पॉइंट, हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी व्हायला लागते ते. हे कुणी बघत नाही आणि मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं! आपल्याकडं जुलैत गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच दवबिंदू शून्याच्या वर असला की हवेतली वाफ बर्फावर जमते आणि एक ग्रॅम वाफ पाणी होताना सातेक ग्रॅम बर्फ वितळवंल एवढी उष्णता सोडते, वर त्या टेबल फॅनसारखा वारा असला तर विषयच संपला. कोरड्या हवेत उलटं, बर्फाचीच वाफ होते, त्यातच उष्णता खर्च होते आणि वितळायला कमी उरते.

पाऊस वाटतो तेवढा वितळवत नाही. १० अंशाचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर पाणी होईल एवढाच बर्फ वितळवतो.

आणि ॲप गंगोत्री गावाचं तापमान दाखवतं, ते ३,१०० मीटरच्या आसपास, गोमुख ४,००० च्या जवळ, तर पाच-सहा अंश वजा करा.

रात्र निरभ्र गेली तर वरचं पाणी गोठतं, वाटेतले नाले पहाटे उतरलेले असतात, तेव्हाच ओलांडायचे. ढगाळ रात्री ऊब अडकते, मग सकाळीबी काठी टाकून खोली बघितल्याशिवाय पाय घालू नका.