कपाटातलं जुनं नेटबुक परत कामाला कसं लावायचं

नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, भंगारात टाकायच्या आधी जरा थांबा, आणि खर्च करायच्या आधी तर नक्कीच थांबा, कारण ही मशीन कुठून आली ते कळलं की तिच्याकडून काय होईल हे आपोआप कळतं. २००५ मध्ये निकोलस निग्रोपॉन्टे यांनी शाळकरी मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, आणि मग २००७ मध्ये आसुसचा ई पीसी ७०१ आला, ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी फ्लॅश आणि आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम! मला तर आजही ते फार धाडसी वाटतं. पुढच्याच वर्षी इंटेलचा ॲटम हा छोटा प्रोसेसर आला नि बहुतेक कंपन्यांनी तोच टाकून नेटबुकं काढली.

तर पहिलं काम, प्रोसेसरचा नंबर बघा. ॲटम एन२७० किंवा एन२८० असेल तर तो ३२ बिटच आहे, त्यावर ६४ बिट ऑपरेटिंग सिस्टीम चढणारच नाही, कितीही डोकं आपटा. एन४५० असेल तर ६४ बिट चालते. इथेच बरेच जण फसतात, चुकीची फाइल उतरवतात आणि मशीनच बिघडली समजतात.

बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच काढून टाका, चार्जरवर चालवा. रॅम वाढवता येत असेल तर वाढवा, पण एन२७० वाल्यांत २ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे जास्तीची घेऊ नका. हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी (फ्लॅशवर चालणारी वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच जाणवतो.

मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट फाइल उतरवून तिचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा. ई पीसी असेल तर चालू करताना एस्केप दाबत राहा, बूटचा मेनू येतो. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासा, सगळं नीट असेल तरच इन्स्टॉल करा. ७०१ च्या ४ जीबीत फार काही मावत नाही, त्यात एसडी कार्डवरून चालवलेलं बरं.

ब्राउझरमध्ये एका वेळी एकदोनच टॅब उघडा, व्हिडिओ डाउनलोड करून ४८० पी मध्ये बघा. लिहिण्यासाठी मात्र ही मशीन आजही मस्त आहे.