मोठ्या नदीतील शेवाळ मोजायला निघण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम मोजायचे काय, हे कागदावर लिहून काढावे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ आणि दगडांना चिकटून वाढणारे शेवाळ यांचे नमुने घेण्याच्या पद्धती पूर्णपणे वेगळ्या आहेत. तरंगत्या शेवाळासाठीही क्लोरोफिल-ए (शेवाळाच्या प्रमाणाचा अंदाज देणारे हिरवे रंगद्रव्य) हे प्रति लिटर मायक्रोग्रॅममध्ये हवे, की सूक्ष्मदर्शकाखाली जातवार पेशी मोजायच्या आहेत, हे आधी ठरले नाही तर बाटल्याच चुकीच्या नेल्या जातात. एकाच नमुन्यावर दोन्ही कामे भागत नाहीत, कारण पेशी टिकवण्यासाठी घातलेले आयोडीन क्लोरोफिलचे मोजमाप बिघडवते.

ठिकाणाची निवड हा तयारीचा सर्वांत वेळखाऊ भाग असतो, आणि तो असायलाच हवा. संगमाच्या खाली दोन नद्यांचे पाणी बरेच अंतर न मिसळता शेजारी-शेजारी वाहू शकते. काठालगतच्या संथ पाण्यात शेवाळ साचते, तर निळे-हिरवे शेवाळ पेशींतील वायुपोकळ्यांमुळे शांत हवेत पृष्ठभागावर येते. त्यामुळे काठावरून किंवा पुलावरून सोडलेल्या एका बादलीतील पाणी संपूर्ण नदीचे प्रतिनिधी मानता येत नाही. पात्राच्या आडव्या छेदावर डावीकडे, मध्यभागी आणि उजवीकडे किमान तीन उभ्या रेषा निश्चित कराव्यात, प्रत्येक रेषेवर निरनिराळ्या खोलीचे पाणी घेता येईल असा नमुनाग्राहक सोबत ठेवावा आणि पृष्ठभागावरील साय आढळल्यास तिच्यासाठी वेगळी बाटली राखून ठेवावी. त्या दिवसाचा आणि आधीच्या काही दिवसांचा विसर्ग (नदीतून ठरावीक वेळात वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण) कोठून मिळेल, याचीही व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. विसर्ग घटला की पाणी पात्रात अधिक काळ राहते आणि शेवाळाला वाढायला वेळ मिळतो, म्हणून विसर्गाशिवाय नोंदवलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड जाते.

क्लोरोफिलसाठी गडद रंगाच्या बाटल्या, बर्फाची पेटी, काचतंतूंचे फिल्टर (०.७ मायक्रोमीटर छिद्राचे सर्रास वापरले जातात), चिमटा, मोजपात्र, हातपंप आणि गुंडाळण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पन्नी घ्यावी. गढूळ नदीत फिल्टर लवकर तुंबतो. अशा वेळी पंपाचा जोर वाढवल्यास पेशी फुटतात. त्यापेक्षा कमी पाणी गाळून नेमके किती गाळले ते लिहावे, कारण पुढचे सारे गणित त्या आकारमानावर उभे असते. गाळण शक्यतो त्याच दिवशी, मंद उजेडात उरकावे आणि फिल्टर लगेच उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवण्याची सोय असावी. पेशींच्या बाटलीत ल्युगोलचे द्रावण (वर सांगितलेले आयोडीन) थेंबाथेंबाने, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घालावे. ही बाटली मात्र गोठवू नये.

पाण्यात सोडायचा फ्लुरोमीटर नेणार असल्यास त्याची खिडकी स्वच्छ करून, ज्ञात द्रावणात आदल्या दिवशीच तपासणी करून घ्यावी. हे उपकरण क्लोरोफिलची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पाडल्यावर त्यातून परत बाहेर पडणारा उजेड, मोजते, थेट शेवाळाचे वजन नव्हे, आणि भर दुपारच्या प्रखर उन्हात पेशींची प्रतिदीप्ती मंदावत असल्याने तेच पाणी सकाळी जास्त व दुपारी कमी शेवाळाचे भासू शकते. गाळ आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थही वाचनात गोंधळ घालतात. म्हणून उपकरणाच्या वाचनासोबत त्याच जागेचे, त्याच वेळचे काही नमुने प्रयोगशाळेसाठी घ्यावेत, आणि तेही कमी-अधिक दोन्ही प्रकारच्या वाचनांचे असावेत. उपकरण महाग असले तरी या बाटल्यांना पर्याय नाही, असे माझे मत आहे.

लाईफ जॅकेट प्रत्येकासाठी असावे. निळे-हिरवे शेवाळ दिसण्याची शक्यता असेल तर हातमोजेही घ्यावेत, कारण त्याच्या काही जाती विष तयार करतात. उरते ती नोंदवही: पाण्यात भिजला तरी टिकेल असा कागद, पेन्सिल, आणि वेळ, खोली, पाण्याचे तापमान, सेकी तबकडी (पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी दोरीने खाली सोडायची चकती) दिसेनाशी झाली ती खोली व आकाशाची स्थिती यांचे रकाने आधीच आखलेले असावेत. बाटल्यांवरील चिठ्ठ्या काठावरच, कोरड्या हातांनी लावून घ्याव्यात. ओल्या बाटलीला चिठ्ठी नीट चिकटत नाही.