राणी शोधत बसू नका: मधपेटी शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

पुण्यात 1962पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. वर्गात छान शिकवतात, मंडळी मन लावून ऐकतात. मग माझ्या मुळशीतल्या पेट्यांवर आली की पहिल्या पाच मिनिटांत तेच: "ताई, राणी दाखवा ना!"

राणी दिसायची गरज नसते. ऊन खांद्यावरून पोळ्याच्या घरांच्या तळापर्यंत पोचेल अशी चौकट (पेटीतली पोळं असलेली लाकडी फ्रेम) धरा. तळाशी बारीक पांढरी अंडी दिसली की पुरे. अंड्यातून अळी तीन दिवसांत बाहेर येते, म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी तिथे होती. उभं अंडं ताजं, आडवं पडलेलं जुनं. एवढं बघा आणि पेटी बंद करा.

दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका मुलाने वर्ग संपताच पौडजवळच्या शेतावर सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी ठेवली. ऐन जुलैत. पावसाळ्यात इकडे फुलोरा फारसा नसतो, माश्या साठवलेल्या मधावर दिवस काढतात. हा मात्र एक दिवसाआड धूर देऊन चौकटी उचलायचा. धूर लागला की माश्या मध पोटात भरून घेतात, आणि पेटी उघडली की पिल्लांची ऊब जाते. एका रविवारी त्याचा फोन आला, "ताई, पेटी चोरीला गेली. म्हणजे पेटी आहे, माश्या नाहीत." जाऊन पाहिलं तर पोळ्यात थेंबभर मध नाही, अंडं नाही, अळी नाही. घर सोडायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. सातेरी त्रास सोसत नाही, उठून जाते. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी, इतक्या सहज जात नाही. "मी तर सारखी काळजी घेत होतो," तो म्हणाला. ते वाक्य मला अजून टोचतं, कारण मुलगा खरंच मनापासून करत होता.

माझी सवय सांगते. आधी पेटीच्या बाजूला दहा मिनिटं बसते, दाराची वाट मोकळी ठेवून. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जात असतील, तर बहुधा आत पिल्लं आहेत. मग उघडायचं कशाला? पावसाळ्यात मी दहा-बारा दिवसांनी, उघडीप बघून, फक्त साठा पाहते. कमी वाटला तर साखर-पाणी समान घेऊन पाक देते. संध्याकाळी आणि पेटीच्या आत. दिवसा उघड्यावर ठेवलात तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटालूट सुरू करतात.

पहिल्याच वर्षी मध काढायची घाईही नको. पोळ्याचा तीन-चतुर्थांश भाग तरी मेणाने झाकलेला हवा, नाहीतर तो पातळ मध बरणीत फसफसतो.

काळे कपडे आणि अत्तर घरीच ठेवा.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि वाट्या सुकू देऊ नका, मुंग्या टपलेल्याच असतात.

डंख बसला तर काटा तत्क्षणी नखाने खरवडा आणि तिथे धूर द्या. डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात, धुराने तो वास झाकला जातो. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि सुरुवात दोन पेट्यांनी करा. एकीची राणी गेली, तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिला देता येते आणि माश्या त्यातून नवी राणी वाढवतात. दहा पेट्या घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवते.