सांगलीत थेरपिस्ट शोधताय? आधी फोनवर एवढं विचारून घ्या

आजकाल विश्रामबागपासून मिरजेपर्यंत समुपदेशनाचे बोर्ड दिसायला लागलेत, चांगलंच आहे, पण बोर्डवर कुणी काय लिहावं याला काही धरबंद नाही. त्यामुळं अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी पाच मिनिटं फोनवर बोला, आणि लाजू नका, चारशे रुपयांची चप्पल घेताना आपण दुकानदाराचं डोकं खातोच की.

पहिलं म्हणजे शिक्षण विचारा, इथंच लोकांचा जाम गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएस झालेला, पुढं मानसोपचारात एमडी वगैरे केलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहून देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे सायकॉलॉजीत एमए करून त्यावर बहुतेक करून दोन वर्षांचं एमफिल केलेला, ते हॉस्पिटलात पेशंट बघत बघतच करावं लागतं, आणि त्याची आरसीआयकडं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते. नंबर मागा, नाव त्यांच्या रजिस्टरमध्ये ऑनलाइन शोधता येतं. राहिले काउन्सेलर, त्यात एमए झालेले उत्तम लोक पण आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बसलेले पण आहेत.

मग काउन्सेलरमधला चांगला ओळखायचा कसा? माझ्या मते एकच प्रश्न पुरतो, "तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?" म्हणजे अवघड केस आली की नाव न सांगता ती कुठल्या सीनियरपुढं मांडता का. ज्यानं नीट ट्रेनिंग घेतलंय तो लगेच सांगतो, आणि जो म्हणतो "मला वीस वर्षांचा अनुभव आहे, कुणाला विचारायची गरज पडत नाही", तिथं मी तरी जाणार नाही.

दुसरं, काम कसं करता ते विचारा. आपल्याकडं सीबीटी आणि आरईबीटी ही दोन नावं जास्त ऐकू येतील, दोन्ही मनातले विचार तपासून, बदलून त्रास कमी करायच्या पद्धती. आरईबीटी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केली आणि महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी, म्हणून मराठीत सेशन घेणाऱ्यांना ती बऱ्यापैकी माहीत असते. प्रत्यक्षात होतं काय, तर कागदावर तीन रकाने पाडतात. समजा सासूबाई चारचौघात म्हणाल्या भाजी खारट झालीय, ही झाली पहिल्या रकान्यातली घटना. तिसऱ्या रकान्यात परिणाम, दोन दिवस घास उतरला नाही. मग थेरपिस्ट मधल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून विचारतो, "त्या क्षणी मनात काय आलं?" उत्तर येतं, "मला मेलीला काहीच धड जमत नाही." सगळं काम या मधल्या वाक्यावर चालतं, सासूबाईंवर नाही. घरी पण लिहायला देतात, ते केलं नाही तर नुसत्या गप्पा मारून पैसे गेले असं वाटणारच. आणि पहिल्याच दिवशी "असं करा, तसं करू नका" चालू झालं तर तो सल्ला झाला, तो शेजारच्या काकू फुकट देतात.

तिसरी गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना तेवढी कळणार नाही. सांगली-साताऱ्यात कुणीतरी कुणाचं तरी पाहुणं निघतंच, त्यामुळं "आमच्या घरचं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का" हे आधी विचारा. ओळख निघाली तर चांगला थेरपिस्ट स्वतःच दुसऱ्याचं नाव सुचवतो. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच दिलाय, नवऱ्यानं किंवा वडिलांनी फोन करून "काय म्हणाली ती" विचारलं तरी सांगायचं नसतं. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तर, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे त्यांनी पहिल्या सेशनलाच सांगायला पाहिजे.

फी, सेशन किती मिनिटांचं (साधारण पाऊण ते एक तास असतं), रद्द केलं तर पैसे जातात का, हे पण तेव्हाच विचारून टाका. परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, साताऱ्यात व्यसनाचा प्रश्न असेल तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आणि रात्री-अपरात्री फारच वाईट वाटायला लागलं, जीव नकोसा झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, १४४१६ लावा, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.