उन्हाळ्यात स्ट्रासबर्गला मानवी हक्क कायदा शिकायला निघालात? या चुका टाळा

"मॅडम, मे महिन्यात सुट्टी आहे, तेवढ्यात एखादं समर स्कूल करून येऊ का?" दरवर्षी लॉ कॉलेजच्या मुलांचे असे फोन येतात आणि पहिली चूक त्या एका वाक्यातच असते. आपला उन्हाळा मे महिन्यातला, तिकडचा जुलै-ऑगस्टमधला. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क संस्थेचं सत्र जुलैत भरतं, नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा आपल्याकडे छत्र्या बाहेर आलेल्या असतात, कॉलेजचं नवीन सत्र लागलेलं असतं आणि मागच्या सेमिस्टरची लांबलेली परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात येऊन आदळते. विद्यापीठाचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. त्यामुळे फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती, आणि प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का. एटीकेटीचा पेपर असेल तर तो गृहीत धरूनच तारखा बघा.

मी स्वतः एका जुलैत स्ट्रासबर्गला जाऊन आले. तेव्हापासून ओळखीतल्या मुलांचे अर्ज वाचून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यातून एक लक्षात आलं. तिकडे जाऊन होणाऱ्या चुका किरकोळ असतात. महागात पडतात त्या चुका इथे घरी बसून, निघायच्या आधी झालेल्या असतात.

नाव बघून कोर्स निवडणं

'इंटरनॅशनल लॉ' असं लिहिलेलं दिसलं की अर्ज टाकायचा, ही सवय सोडा. हेगच्या पीस पॅलेसमधली अकादमी 1923 पासून चालू आहे आणि तिचा दबदबा मोठा आहे. पण तिथे तीन आठवडे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा आणि तीन आठवडे खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात. मानवी हक्कांवरचं व्याख्यान त्यात असलं तर असलं. निव्वळ मानवी हक्क शिकायचे असतील तर स्ट्रासबर्ग. संयुक्त राष्ट्रांचं काम जवळून बघायचं असेल तर जिनिव्हा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची ओढ असेल तर आयर्लंडमधल्या गॉलवेचा उन्हाळी वर्ग.

गॉलवेवरून आठवलं. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्सचा व्हिसा घेऊन "जाता जाता आयर्लंडही करू" म्हणणाऱ्यांना विमानतळावरच थांबवतात. ब्रिटनचंही तेच.

स्ट्रासबर्गची संस्था फ्रेंच कायदेपंडित रने कासँ यांनी 1969 मध्ये सुरू केली. आदल्या वर्षी मिळालेल्या शांततेच्या नोबेलचे पैसे त्यांनी तिच्यात घातले. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या शिल्पकारांपैकी ते एक. तो जाहीरनामा तयार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावर भारताकडून हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमातलं 'ऑल मेन' बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं ते त्यांच्या आग्रहामुळे. अर्जासोबतच्या पत्रात मुलं नेल्सन मंडेलांचं वाक्य टाकतात. ते वाक्य निवड समितीनं त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. हंसाबेनचं नाव फारसं कुणी लिहीत नाही.

स्ट्रासबर्गचं कोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचं कोर्ट, असं समजणं

या चुकीबद्दल कुणाला दोष द्यावा असं वाटत नाही, कारण घोळ खरोखरच मोठा आहे. युरोपियन मानवी हक्क न्यायालय स्ट्रासबर्गला आहे आणि युनियनची संसदही स्ट्रासबर्गलाच. दोन्हीकडे निळ्यावर बारा ताऱ्यांचा तोच झेंडा. पण न्यायालय आहे कौन्सिल ऑफ युरोपचं, म्हणजे युनियनहून वेगळ्या अशा युरोपीय देशांच्या संघटनेचं. तिचे सदस्य 46, युनियनचे 27. तुर्कस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया कौन्सिलमध्ये आहेत, युनियनमध्ये नाहीत. मार्च 2022 मध्ये रशियाला काढलं ते या कौन्सिलमधून. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे.

हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याहून निराळं. तिथे पक्षकार फक्त देश असतात. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 साली निकाल लागला तेव्हा वादी भारत सरकार होतं, जाधव कुटुंब नव्हे. स्ट्रासबर्गला मात्र एकटा माणूस आपल्याच सरकारविरुद्ध अर्ज करू शकतो. या कोर्टाचा जीव त्या एका गोष्टीत आहे. ती न कळता पहिल्या दिवशी वर्गात बसलात तर पुढचे चार दिवस नुसते टिपण काढण्यात जातात.

आणखी एक. आपल्या ग्रंथालयातलं पुस्तक सांगेल की देशांतर्गत शेवटच्या निकालानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. 1 फेब्रुवारी 2022 पासून ती मुदत चार महिने झाली आहे. पुस्तक कितव्या आवृत्तीचं आहे ते बघा. हे कोर्ट ज्यावर चालतं त्या युरोपियन मानवी हक्क कराराचा ताजा मजकूर कोर्टाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि निकालपत्रं 'हुडॉक' या कोर्टाच्या ऑनलाइन निकालसंग्रहात.

"भारताचा या कोर्टाशी काय संबंध?"

हे वाक्य मी आपल्याच मुलांच्या तोंडून ऐकलंय, तेही तिथल्या कॅन्टीनमध्ये. संबंध आहे, आणि तो समजून घ्यायचा तर एकच निकाल नीट वाचा: चहल विरुद्ध युनायटेड किंगडम, 1996. करमजित सिंग चहल हे 1971 पासून ब्रिटनमध्ये राहणारे शीख गृहस्थ. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन ब्रिटिश सरकारला त्यांना भारतात पाठवायचं होतं. त्यासाठी त्यांना ऑगस्ट 1990 पासून स्थानबद्ध करून ठेवलं होतं. त्यांना काही होणार नाही, असं आश्वासन भारत सरकारनं दिलं होतं. कोर्टानं पंजाबातल्या तेव्हाच्या पोलिसी कारभाराचे अहवाल वाचले आणि 12 विरुद्ध 7 मतांनी म्हटलं की हे आश्वासन पुरेसं नाही. परत पाठवलं तर करारातल्या तिसऱ्या कलमाचा, म्हणजे छळबंदीचा भंग होईल. माणूस कितीही धोकादायक मानला जात असला तरी या कलमाला अपवाद नाही.

पटो न पटो, आपल्या देशाबद्दल बाहेरचे न्यायाधीश पुराव्यांची मांडणी कशी करतात ते त्यात दिसतं. अल्पमतातल्या सात जणांचं म्हणणंही वाचा. वर्गात खरी जुंपते ती तिथे.

उलट दिशेनंही वाहतूक आहे. समलैंगिक संबंध गुन्हा नाही असं ठरवणाऱ्या नवतेज जोहर निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच विषयावरच्या स्ट्रासबर्गच्या 1981 च्या डजन प्रकरणाचा आधार घेतला, आणि खाजगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालातही स्ट्रासबर्गचे निकाल आहेत. हे दोन्ही आपण कॉलेजात वाचतो, पण तळटिपा सोडून.

आपल्या देशाचा कागद न वाचता जाणं

आता माझी फजिती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गटचर्चा होती, विषय छळ. मी हात वर करून ठणकावून सांगितलं की भारत छळविरोधी कराराचा पक्ष आहे. माझ्या शेजारी नेपाळची एक वकील बसली होती. ती हळूच म्हणाली, "दिदी, आमचा देश आहे. तुमची फक्त सही आहे." मान खाली घालून मी फोनवर शोधलं. खरंच होतं. भारतानं 1997 मध्ये सही केली, मंजुरी आजही दिलेली नाही. नेपाळ 1991 पासून आत आहे, श्रीलंका 1994 पासून, बांगलादेश 1998 पासून, पाकिस्तान 2010 पासून. सही आणि मंजुरी यांतला फरक मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिला होता. तो मला खरा कळला तो त्या खुर्चीत.

तिकडे तुम्ही नुसते विद्यार्थी नसता. चहाच्या वेळेला तुम्ही भारत असता. ब्राझीलचा मुलगा तुम्हाला विचारणार, तुमच्याकडे कोठडीतल्या मृत्यूंचं काय होतं? तेव्हा "आमचं कलम 21 फार व्यापक आहे" हे उत्तर एकदा चालतं, दुसऱ्यांदा लोक हसतात. म्हणून निघण्याआधी दोन संध्याकाळी काढून एवढं वाचाच:

भारतानं नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे दोन्ही करार 10 एप्रिल 1979 ला स्वीकारले, पण काही राखीव भूमिका ठेवून, म्हणजे काही तरतुदी आपल्याला जशाच्या तशा लागू नाहीत असं सांगून. त्यातली एक अशी, की बेकायदा अटकेसाठी भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. आता याच्या शेजारी नीलाबती बेहेरा, 1993, ठेवा. ओडिशात पोलीस कोठडीत मुलगा मेला, आईनं पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं भरपाई दिली. पुढे डी. के. बसू निकालात, डिसेंबर 1996 मध्ये, कोर्टानं म्हटलं की त्या राखीव भूमिकेला आता फारसा अर्थ उरलेला नाही. सरकार जिनिव्हाला एक सांगतं, कोर्ट दिल्लीत दुसरं करतं. ही गोष्ट पाच मिनिटांत सांगता आली तर तो ब्राझीलचा मुलगा स्वतःची खुर्ची ओढून बसेल.

शिवाय जुलै 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं जिनिव्हात भारताच्या अहवालाची तपासणी केली, 1997 नंतर पहिल्यांदाच. समितीची शेवटची टिप्पणी नेटवर आहे. ती छापून बॅगेत टाका, विमानात वाचा.

नावाचा गोंधळ

हसू येईल, पण सगळ्यात जास्त निस्तरावा लागतो तो हाच. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव असतं. जुन्या मार्कशीटवर आडनाव आधी. अर्जात तिसरंच. मग स्वागताच्या टेबलावर मिळणाऱ्या बिल्ल्यावर 'प्रकाश' छापलेलं असतं आणि स्नेहा दोन आठवडे प्रकाश म्हणून वावरते. बिल्ल्यापुरतं ठीक आहे. पण प्रवेशपत्रावर एक, विम्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं नाव असलं की व्हिसाची फाइल अडकते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, स्पेलिंगसकट.

व्हिसा: कुठल्या देशाचा, कधी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मुलं पंधराचा आकडा लक्षात ठेवतात. एप्रिल-मे म्हणजे अर्धा महाराष्ट्र युरोप टूरला निघालेला असतो, अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात तारीख घ्या. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा.

अर्ज त्याच देशाकडे, जिथे मुक्काम सर्वात जास्त. ओळखीतल्या एका मुलाला स्वित्झर्लंडची तारीख लवकर मिळाली म्हणून त्यानं तिकडून अर्ज केला. दोन आठवडे स्ट्रासबर्ग, तीन दिवस जिनिव्हा. नकार आला, आणि तो नकार पुढे बऱ्याच देशांच्या फॉर्ममध्ये लिहावा लागतो.

शिष्यवृत्तीची मुदत बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती बघू म्हणणारे स्वतःच्या खिशातून जातात.

पोचल्यावरच्या बारीकसारीक गोष्टी

बासेल-मुलूझ विमानतळाला दोन दारं आहेत, एक स्वित्झर्लंडमध्ये उघडतं, एक फ्रान्समध्ये. स्ट्रासबर्गसाठी फ्रान्सचं.

रविवारी पोचू नका. स्ट्रासबर्ग ज्या भागात आहे त्या आल्सासमध्ये जर्मन राजवटीपासूनचा स्थानिक कायदा अजून चालतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. मी रविवारी संध्याकाळी पोचले आणि रात्री आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. 14 जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनीही, तोच प्रकार.

वसतिगृहाच्या खोलीत पंखा नसतो आणि जुलैतलं ऊन साडेनऊपर्यंत मावळत नाही. खिडकीचे शटर दिवसा बंद ठेवायचे, हे तिथले लोक न सांगता करतात.

ऱ्हाइन ओलांडून ट्राम जर्मनीतल्या केलला जाते, किराणा तिकडे स्वस्त पडतो, म्हणून सगळे जातात. पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

कोर्टात रोज सुनावणी चालते अशी कल्पना असेल तर ती सोडा. बहुतेक प्रकरणं कागदावरच निकाली निघतात. सुनावण्या मोजक्या, आणि त्यांचं चित्रीकरण घरी बसूनही बघता येतं. इमारत बघायची असेल तर आधी नोंदणी लागते. रिचर्ड रॉजर्सची ती दोन गोल डब्यांची वास्तू नदीकाठानं चालत जाऊन बाहेरून बघितली तरी समाधान होतं.

उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि परीक्षा देऊन मिळणारा डिप्लोमा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडेटात पहिल्याला दुसरं म्हणू नका. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं.

आणि शाकाहारी असाल तर तिथल्या प्रसिद्ध फ्लामकुशेला पिझ्झा समजून हात घालू नका. वर कांदा आणि साय दिसते, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मागवताना "सां लार्दों", म्हणजे मांसाचे ते तुकडे नकोत, असं म्हणायचं.