डॉजर स्टेडियमला जायचंय? आधी परतीचं ठरवा

लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉल बघायला निघालेल्या प्रत्येकाला ‘लवकर निघा’ हा सल्ला मिळतो. तो अर्धाच आहे. जाताना माणसं दीड-दोन तासांत थोडीथोडी येतात, सामना संपल्यावर मात्र सगळी एकदम उठतात. 1962 साली उघडलेल्या या स्टेडियममध्ये 56,000 प्रेक्षक बसतात आणि भोवतीच्या उतारांवर साधारण 16,000 गाड्या मावतात. डॉजर्स संघात जपानी खेळाडू शोहेई ओहतानी आल्यापासून आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा गर्दी असते. 2025 च्या हंगामात इथल्या प्रेक्षकसंख्येने 40 लाखांचा टप्पा ओलांडला. एवढ्या सगळ्यांना टेकडीवरून खाली उतरवणारे रस्ते मोजकेच आहेत. म्हणून आधी घरी परतायचं कसं ते पक्कं करा. जायचं कसं, हे त्यातूनच ठरतं.

तिकीट फोनवर उतरवून घ्या, पिशवी पारदर्शकच न्या, रोख पैशांवर विसंबू नका. तयारीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

गुडघे ठणठणीत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी स्टेडियमवर नेऊ नका. युनियन स्टेशनवरून ‘डॉजर स्टेडियम एक्सप्रेस’ ही बस सुटते आणि सामन्याचं तिकीट दाखवलं की ती फुकट आहे. सामन्याच्या दीड तास आधीपासून दर दहा मिनिटांनी बस असते. सनसेट बुलेवार्डवर तिच्यासाठी राखीव मार्गिका आहे, त्यामुळे शेजारी गाड्या खोळंबलेल्या असताना तुम्ही पुढे सरकत असता. स्टेशनात थांबा शोधत बसू नका, निळ्या जर्सींचा लोंढा जातो तिकडे चाला.

पण युनियन स्टेशनपर्यंत गाडीने येऊ नका. डाउनटाउनची संध्याकाळची कोंडी अंगावर घ्यायची आणि पार्किंगचे पैसेही भरायचे, मग बसचा उपयोग काय? गाडी लांबच्या मेट्रो स्टेशनवर ठेवा. सान फर्नांडो व्हॅलीतून येणाऱ्यांनी नॉर्थ हॉलिवूडला ठेवून मेट्रोची बी लाइन पकडावी. आर्टिशिया-सेरिटोसकडे आपली बरीच भारतीय मंडळी राहतात. त्यांच्यासाठी याहून सोयीचा मार्ग आहे आणि तो त्यांना कुणी सांगत नाही: 91 फ्रीवेने सरळ पश्चिमेला जाऊन हार्बर गेटवे ट्रान्झिट सेंटरवर गाडी ठेवायची. तिथून याच एक्सप्रेसची दुसरी, साउथ बेची शाखा सामन्याच्या दोन तास आधीपासून सुटते आणि 110 फ्रीवेवरून उत्तरेला जाते. तीही तिकिटावर फुकट. मात्र या मार्गावर बस कमी असतात, त्यामुळे ऐन वेळी पोचून चालणार नाही.

आता परतीचा प्रवास. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला, आणि चुकीचे सल्लेही इथेच सगळ्यात जास्त मिळतात.

शेवटचा गडी बाद झाल्यावर परतीच्या बस 45 मिनिटं चालू असतात. शुक्रवारी फटाक्यांची आतषबाजी असेल तर ती संपल्यानंतर 20 मिनिटं. ही घड्याळं सामन्याच्या शेवटाला बांधलेली आहेत, त्यामुळे सामना लांबला म्हणून बस चुकत नाही. चुकते ती पुढची रेल्वे. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. नऊ इनिंगमध्ये (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) निकाल लागला नाही तर खेळ पुढे चालू राहतो. 2025 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तिसरा सामना याच मैदानावर 18 इनिंग, म्हणजे 6 तास 39 मिनिटं चालला. नेहमीच्या हंगामात इतकं होत नाही. 2023 पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा, आल्यावर सामने साधारण पावणेतीन तासांत आटोपतात, त्यामुळे ‘साडेतीन तास धरून चाला’ हा सल्ला आता जुना झाला. सात-दहाला सुरू झालेला सामना बहुतेक वेळा दहाच्या आसपास संपतो.

म्हणून घरून निघण्यापूर्वी एकच वेळ लिहून ठेवा: युनियन स्टेशनवरून तुमची शेवटची गाडी किती वाजता सुटते. मेट्रोच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. मेट्रोलिंक या उपनगरी रेल्वेच्या सगळ्या मार्गांवर तसं नसतं. अर्व्हाइनकडे जाणाऱ्यांनी मेट्रोलिंकच्या भरवशावर रात्रीचा सामना बघायला अजिबात जाऊ नये. दुपारच्या सामन्याला खुशाल जा, पण त्या दिवसाचं वेळापत्रक स्वतः बघून.

स्टेडियमवर उतरताना बसने तुम्हाला नेमकं कुठे उतरवलं ते लक्षात ठेवा. सेंटर फील्डच्या (मैदानाच्या लांबच्या टोकाच्या) मागची बाजू आणि टॉप डेक, म्हणजे सगळ्यात वरचा मजला, यांत मोठा चढ आहे. मैदान टेकडीत कोरल्यासारखं असल्यामुळे अंधारात गर्दी कापत इकडून तिकडे जाण्यात हकनाक वेळ जातो. शेवटच्या इनिंगला वरच्या मजल्यावर असाल तर रांगेत पोचायलाही वेळ धरा. रांग लांबलचक दिसली तरी सोडू नका. ती एकामागून एक बस भरत पुढे सरकते. अर्ध्यावर रांग सोडून टॅक्सी बोलावणारे लोक मी दर वेळी बघतो, आणि आमची बस सुटते तेव्हा ते अजून रस्त्याकडेला फोनमध्ये डोकं घालून उभेच असतात.

टॅक्सीच हवी असेल तर स्टेडियमच्या आवारात ती बोलावू नका. व्हिन स्कली अव्हेन्यूने चालत सनसेट बुलेवार्डला उतरा, थोडं पुढे जा, मग फोन काढा. त्याच सनसेटवर 2 आणि 4 क्रमांकाच्या मेट्रो बसही मिळतात. एक्सप्रेस हुकली तर हाच खरा आधार. चायनाटाउन स्टेशनपर्यंतही चालत जाता येतं आणि जाताना उतार आहे, पण सोबत लहान मूल असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सातव्या इनिंगला उठून जाण्याची इथली सवय मला अजिबात पटत नाही. परतीची सोय नीट केलेल्या माणसाला तशी घाई करावी लागत नाही.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि त्यांना पायऱ्या झेपत नसतील, तर मात्र गाडीच न्या आणि पार्किंग आधी ऑनलाइन विकत घ्या. गेटवर ते महाग पडतं. या स्टेडियमची रचनाच अशी आहे की उतारावर पायऱ्यांसारखी पार्किंगं आहेत आणि आपल्या आसनाच्या पातळीवर गाडी लावली की चढ-उतर फारशी करावी लागत नाही. तिकिटावरचा सेक्शन विषम असेल तर तिसऱ्या बेसची बाजू, सम असेल तर पहिल्या बेसची. फोनच्या नकाशात नुसतं स्टेडियमचं नाव टाकलंत तर तो इतर सगळ्यांना नेतो त्याच रस्त्याने तुम्हालाही नेईल. त्याऐवजी घरी जाण्याचा फ्रीवे बघून गेट निवडा: 5 ने जाणार असाल तर गोल्डन स्टेट, 110 साठी डाउनटाउन, 101 साठी सनसेट. आत शिरल्यावर दाराजवळची जागा मिळवायला धडपडू नका. आई-बाबांना दाराशी सोडता येत असेल तर सोडा आणि गाडी बाहेर पडायच्या रस्त्याजवळ, तोंड बाहेर करून लावा. गाडी लावल्यावर जवळच्या पाटीचा फोटो घ्या.

पासाडीनाकडे जाणाऱ्यांसाठी एक इशारा. 110 चा तो भाग 1940 चा आहे. काही ठिकाणी फ्रीवेवर चढताना रॅम्प इतका आखूड आहे की स्टॉप साइनवर पूर्ण थांबून, तिथूनच एकदम वेग घेऊन वाहतुकीत शिरावं लागतं. रात्री, थकलेल्या अवस्थेत, गाडी भरलेली असताना हे नवख्याचं काम नाही. तिथे सरावाचा माणूसच चालवायला बसू दे.

इको पार्कच्या गल्ल्यांत गाडी लावून पैसे वाचवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सामन्याच्या दिवशी तिथे रहिवाशांच्या परवान्याची बंधनं असतात, आणि ती असायलाच हवीत. वर्षातल्या 81 सामन्यांचा गोंगाट त्याच लोकांच्या दारावरून जातो.