कयाकवरून बास: निघण्याआधी आणि परतल्यावर

कयाकवरून, म्हणजे छोट्या हलक्या होडीवरून, बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडायला सुरुवात करणारे मला हमखास विचारतात, कोणती कयाक घेऊ? मी आधी विचारते, परत आल्यावर ती ठेवणार कुठे आणि धुणार कोण? मोठ्या बोटीत कप्पे असतात, सामान बऱ्यापैकी कोरडं राहतं. कयाकवर आपण पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसतो. रील, बॅटरीच्या वायरी, पकड, गळ, सगळं दिवसभर ओलं. वापरून जेवढं सामान झिजतं, त्याहून जास्त ते ओलं ठेवून दिल्याने बिघडतं. म्हणून पाणी कुठे मुरतं ते ओळखायचं आणि तिथून ते काढायचं, यावर माझा सगळा भर आहे.

कयाकबद्दल थोडक्यात. बाससाठी वरून उघडी, रुंद, सिट-ऑन-टॉप कयाक घ्या. उलटली तरी तिच्यात पाणी भरून राहत नाही आणि पाण्यातून पुन्हा वर चढता येतं. कंपनीने लिहिलेल्या वजनक्षमतेच्या साधारण सत्तर टक्क्यांवर थांबा. त्यात आपलं वजन, कपडे, बॅटरी, नांगर, सगळं धरायचं. त्यापुढे गेलात की कयाक जड चालते आणि तळातून आरपार गेलेल्या निचऱ्याच्या भोकांतून, म्हणजे स्कपरमधून, पाणी उलटं वर येऊन पायाशी साचतं. पेडलच्या रुंद कयाका सहज चाळीस किलोच्या पुढे जातात. एकटीने गाडीवर चढवायची तर मी आधी पुढचं टोक मागच्या बाजूने टपावर टेकवते, खाली जाडसर चादर घालते आणि मग मागून ढकलते. पूर्ण वजन एकदम कधीच उचलावं लागत नाही.

नवीन कयाक घेतल्यावर पहिला दिवस मासे पकडण्यात घालवू नका. कोमट, उथळ पाण्यात मुद्दाम पडा आणि चढून बघा. कडेला धरून पाय मागे पाण्यावर तरंगू द्यायचे, जोरात पाय मारत पोट कयाकवर आणायचं, मग वळून बसायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताच्या अंतरातलं सामान

जमिनीवर कयाकमध्ये बसा, डोळे मिटा आणि पकड, सुरी, वल्हं, नांगराची दोरी एकेक करून हाताने शोधा. जे सापडत नाही त्याची जागा चुकलेली आहे. बास लागल्यावर मागे वळून शोधाशोध करायला वेळ नसतो, आणि मागे वळतानाच माणसं तोल घालवतात.

रॉड तीन, फार तर चार. एक गवतात आणि बुंध्यांत टाकायला कडक, एक क्रँकबेटसाठी, म्हणजे ओढताना पाण्यात बुडी मारणाऱ्या कडक नकली माशासाठी, लवचिक, एक हलक्या आमिषासाठी स्पिनिंग, म्हणजे रील खाली लटकणारा. लांबी सात फुटांच्या आसपास हवी. बास कयाकखालून दुसऱ्या बाजूला पळतो तेव्हा रॉडचं टोक पुढच्या टोकाला वळसा घालून फिरवता आलं पाहिजे. आखूड रॉड तिथे कयाकच्या कडेवर दबतो आणि मोडतो. मात्र रीलच्या मागची मूठ आखूड घ्या, लांब मूठ दर फेकीला लाइफ जॅकेटमध्ये अडकते. झाडाखालून जाताना रॉड उभे ठेवू नका, आडवे करून पुढे ठेवा.

सगळ्याच वस्तूंना दोऱ्या बांधायची सवय मला पटत नाही. जे बुडतं आणि ज्याच्यावाचून दिवस अडतो तेवढंच बांधावं: पकड, मासा मोजायची पट्टी, रॉड. साठलेल्या पाण्यात वल्ह्यालाही दोरी असावी. वाहत्या पाण्यात मात्र मी लांब दोऱ्या काढून टाकते, कारण उलटल्यावर त्या पायात गुंततात.

नांगर हा कयाकवरचा सर्वांत धोकादायक तुकडा आहे. तो कधीही कडेला मधोमध बांधू नका. प्रवाह किंवा वारा वाढला की दोरी ती कड खाली ओढते आणि कयाक क्षणात कलंडते. कडेने एक पातळ दोरी दोन छोट्या पुलींवरून फिरती बसवून घ्या. तिच्यातल्या कडीला नांगराची दोरी अडकवली की बसल्या जागेवरून नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला नेता येतो. दोरी एका झटक्यात सुटणारी हवी, टोकाला एखादा तरंगता बोया हवा आणि सुरी जॅकेटला लावलेली हवी. जोराच्या प्रवाहात नांगर टाकूच नये.

दीड किलोचा घडीचा नांगर बुंध्यांत आणि दगडांत हटकून अडकतो. त्याला उपाय आहे. दोरी वरच्या कडीला बांधायच्या ऐवजी नांगराच्या बुडाशी असलेल्या कडीला पक्की बांधा. मग ती दांड्याला लगटून वर आणा आणि वरच्या कडीशी प्लास्टिकच्या बारीक केबल-टायने जोडा. एरवी नांगर नेहमीसारखाच धरतो. अडकला की जोर लावून ओढायचं. केबल-टाय तुटतो, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. खिशात पाच-सहा जादा टाय ठेवा.

लाइफ जॅकेट अंगातच हवं, आसनामागे कोंबलेलं नव्हे. फुगणारं जॅकेट उन्हाळ्यात सोयीचं वाटतं, पण त्याची निगा जास्त. गॅसची नळकांडी काढून वजन करा. तिच्यावर कोरलेल्या वजनाशी ते जुळलं पाहिजे. वर्षातून एकदा तरी तोंडाने पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी सैल पडलं तर ते वापरातून काढा. गार पाण्याच्या दिवसांत कपडे हवेकडे बघून घालू नका, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पडल्याबरोबर श्वासावरचा ताबा जातो. पोहता येणं न येणं हा पुढचा प्रश्न.

बॅटरी आणि फिश फाइंडर

कयाकवरचा छोटा फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, साधारण अर्धा ते एक अँपिअर खातो. १२ व्होल्टची, १० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याला दिवसभर पुरते. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं, आणि ती जडही असते. दोन्हींची साठवण मात्र उलट आहे. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, लिथियमची अर्धवट भरलेली ठेवायची. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि तिला तिचाच चार्जर लावायचा.

धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज हवा. किती अँपिअरचा, ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं. जोडण्यांवर थोडं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस लावलं की हिरवट गंज धरत नाही. पडदा अधूनमधून बंद पडत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी या जोडण्या उघडून बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. पाण्याखालच्या ट्रान्सड्यूसरचं, म्हणजे लहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाचं, तोंड मऊ कापडाने पुसा. त्यावर शेवाळाचा पातळ थर बसला तरी चित्र पुसट होतं.

काठावर आल्यावर

निघण्याआधी काठावरच कयाकला चिकटलेलं गवत, चिखल, गोगलगायी काढा. निचऱ्याचं बूच उघडून आतलं पाणी तिथेच सोडा. दुसऱ्या तलावात जायच्या आधी सगळं निदान पाच दिवस खडखडीत वाळू द्या. पाणवनस्पतीचा बोटभर तुकडासुद्धा नव्या पाण्यात रुजतो, आणि झेब्रा शिंपल्यांच्या अळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. एकदा त्या पसरल्या की परत निघत नाहीत. लवकर जायचंच असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्याने धुवा. आपण ज्या पाण्यावर प्रेम करतो ते आपल्याच हातून खराब होऊ नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.

बूच उघडल्यावर पेलाभर पाणी आलं तर काळजी नाही, ते झाकणाखालून झिरपलेलं असतं. लिटरभर आलं तर गळती शोधा. माझ्याबरोबर येणाऱ्या एका तरुण मित्राच्या कयाकमध्ये दरवेळी पाणी भरायचं आणि त्याला वाटायचं तळ फुटलाय. आम्ही कयाक कोरडी केली, सगळी झाकणं लावली, बुचाच्या भोकाभोवती कापड गुंडाळून ब्लोअरने हलकी हवा सोडली आणि बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी फिरवत गेलो. तळ शाबूत होता. स्कपरच्या नळ्या, जिथे गळती सर्रास सापडते, त्याही ठीक होत्या. रॉड होल्डरच्या चारपैकी एका बोल्टभोवती मात्र बारीक बुडबुड्यांचा फेस वाढत चालला होता. बोल्ट इतका आवळलेला होता की प्लास्टिक दबून वॉशर तिरका बसला होता. तो काढला, जागा स्पिरिटने पुसली, निओप्रीन रबराचा वॉशर आणि ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, घालून बेताने आवळला. सिलिकॉन तिथे चोपडून उपयोग नसतो, कयाकच्या पॉलिथिलीन प्लास्टिकला ते नीट धरत नाही. त्याच कारणाने तळाची चीर इपॉक्सीने बुजवू नका. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं. वरवरचे ओरखडे सोडून द्या.

कयाकच्या बुडाला आलेला पोचा बहुधा उन्हाने आणि पट्ट्यांनी आलेला असतो. गाडीच्या टपावर पट्टे जीव खाऊन आवळू नयेत, आणि मुक्कामी पोचल्यावर लगेच सैल करावेत. पोचा काढायला कयाक उन्हात उलटी ठेवा, प्लास्टिक ऊबदार झालं की आतून हाताने दाबा. ठेवताना सावलीत, कुशीवर किंवा पालथी, रुंद पट्ट्यांवर ठेवा. दोन्ही टोकांच्या मुठींना टांगली तर मधे वाकते. बूच आणि झाकणं किंचित उघडी असू द्या. वल्ह्याचे दोन भाग वेगळे करून धुवा आणि वेगळेच ठेवा, नाहीतर सांध्यातली वाळू त्यांना कायमचं जोडून टाकते.

रील, दोर, गळ

घरी आल्यावर पहिलं काम ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोर बेताने सोडणारा रीलमधला दाब, सैल करायचं. आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या मोठ्या माशाला दोर झटके देत सुटतो. मग ओल्या फडक्याने रील पुसा. पाइपचा जोरदार फवारा मारू नका, त्याने घाण आतच जाते.

बेटकास्टिंग रील, म्हणजे रॉडच्या वर बसणारं आणि फेकताना स्वतः फिरणाऱ्या रिळाचं, त्याची बाजूची झाकणी उघडून स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेलं रीळ, बाहेर काढा. दोन्ही बेअरिंगवर सुईच्या टोकाने एकेकच थेंब तेल. जास्त तेलाने फेक लांब जाण्याऐवजी आखूड पडते. दोर डावी-उजवीकडे नेणारा जो पेचाचा दांडा असतो, त्यात शेवाळ आणि वाळू अडकते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती काढा, मग हलकं तेल द्या आणि हँडल फिरवून पसरवा. फेकताना स्पूलचा वेग आवरणाऱ्या ब्रेकच्या कड्याला तेलाचा थेंबही लागता कामा नये. लागला तर कापसाने पूर्ण पुसा, नाहीतर ब्रेक कधी धरतो कधी धरत नाही आणि दोराचा गुंता होतो. दातेरी चाकांना ग्रीस, ड्रॅगच्या कार्बन चकत्यांना त्यांचं खास ग्रीस, तेही पातळ थर.

फ्लुरोकार्बनच्या एकपदरी दोराचे शेवटचे दोन-तीन मीटर बोटांच्या चिमटीतून ओढा. खरखरीत लागलं तिथून कापा. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोर कमजोर होतो. विणलेल्या दोराला मी पालोमार गाठच मारते.

ओलं आमिष डब्यात परत जाता कामा नये. एका गंजलेल्या तिहेरी गळाने अख्खा कप्पा तांबूस होतो. वापरलेली आमिषं वेगळ्या उघड्या ट्रेमध्ये टाका, वाळल्यावर जागेवर ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्या. रबरी अळ्या त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवा. वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक एकमेकांना लागलं की वितळून चिकट लगदा होतो. गळ नखावर हलका ओढून बघा, घसरला तर बोथट आहे. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, माशाच्या आणि आपल्या दोघांच्या भल्यासाठी. गळ कापता येईल अशी मजबूत कटर पकडही जवळ हवीच.

कयाकवर मासे जिवंत ठेवायची टाकी क्वचितच असते, म्हणून कयाक स्पर्धांत वजनाऐवजी लांबी मोजतात, फोटो काढतात आणि मासा सोडतात. उन्हात तापलेली मोजपट्टी आधी पाण्यात बुडवा, हात ओले करा. मोठा बास नुसता जबड्याला लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

शेवटी एक छोटी हवाबंद डबी कायम कयाकमध्ये असू द्या: जादा फ्यूज, निचऱ्याचं जादा बूच, केबल-टाय, ब्युटाइल टेपचा तुकडा, सुकाणूच्या दोरीचा जादा तुकडा, पेडल असेल तर त्याची जादा पिन आणि त्या पिनेला बसणारा पान्हा. डबीतलं काही वापरलं की त्याच संध्याकाळी भरून ठेवा.